सर्व्हे कॅम्पचे सहा दिवस : पोरांच्या हातात काय द्यावं?

ओळंबा (धागाकर्ता)

राम राम मंडळी. मी नागपुरातल्या एका तंत्रनिकेतनात स्थापत्यच्या मुलांना सर्व्हेइंग शिकवतो. दुसऱ्या वर्षाचा सर्व्हे कॅम्प डिसेंबरात आहे. पूर्वी दहा दिवस असायचे, यंदा सहाच मिळालेत. मुलं-मुली मिळून साठ. सामानात चार ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजायला), दोन टोटल स्टेशन (कोन आणि अंतर दोन्ही मोजणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र), दोन व्हर्नियर थिओडोलाइट (कोन मोजायचं जुनं यंत्र) आणि दोन प्लेन टेबल (जागेवरच नकाशा काढायचा फलक). शिवाय टेप, साखळी, रेंजिंग रॉड (रेषा आखायच्या काठ्या), स्टाफ (आकडे असलेली उभी पट्टी) आहेत.

विभागात वाद पेटलाय. काही सहकारी म्हणतात, साखळी, प्लेन टेबल, व्हर्नियर सगळं कपाटात ठेवा. नोकरीत कोणी विचारत नाही, सहाही दिवस टोटल स्टेशन चालवा. माझं मन मानत नाही. गेल्या वर्षी एका हुशार मुलानं टोटल स्टेशनवर अख्खा ट्रॅव्हर्स (बिंदूमागून बिंदू जोडत जाणारी मोजणी) केला, नकाशाही देखणा काढला. मी विचारलं, "बॅकसाईट कुठल्या स्टेशनवर घेतलीस?" तो म्हणाला, "सर, मशीननं घेतली." बॅकसाईट म्हणजे मागच्या, माहीत असलेल्या बिंदूवर घेतलेलं रीडिंग; ते माणसानंच ठरवून घ्यायचं असतं. पोरगा खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. त्या उत्तरानं मला रात्रभर झोप लागली नाही.

तर प्रश्न असा : सहा दिवसांत काय ठेवावं, काय सोडावं? आणि कॅम्प रामटेकला न्यावा की शहरातच सेमिनरी हिल्सच्या आसपास करावा? अनुभव सांगा.

---

राजेहो_भाऊ

रामटेकलेच जा सर. पण वांदरायले संभाळजा. आमच्या टायमाले एका वांदरानं रेंजिंग रॉडचा लाल फडका पळवला होता. आमचे सर म्हणे, आता त्याचंच बेअरिंग (दिशेचा कोन) घ्या.

---

तुळई

सर, मी ठेकेदाराकडे साईट सांभाळतो, बारा वर्षं झाली. नवीन पोरं माझ्याच हाताखाली येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

मागे एका सांडपाण्याच्या लाईनचं काम होतं, साधारण दीड किलोमीटर. लेव्हल घ्यायला नवा मुलगा. त्याला चालायचा कंटाळा, म्हणून तो बॅकसाईट पंधरा मीटरवर घ्यायचा आणि फोरसाईट (पुढच्या बिंदूवरचं रीडिंग) थेट साठ मीटरवर. प्रत्येक सेटअपला, म्हणजे लेव्हल नव्या जागी लावली की, असंच. आमच्या लेव्हलची ॲडजस्टमेंट बिघडलेली होती, ३० मीटरला ३ मिलिमीटर चुकत होती. आता हिशोब करा. दोन्ही अंतरांत ४५ मीटरचा फरक, म्हणजे दर सेटअपला साडेचार मिलिमीटर. वीस सेटअप झाले, चूक दर वेळी एकाच दिशेला, म्हणजे शेवटच्या मॅनहोलला नऊ सेंटिमीटर. पाईप टाकून झाल्यावर कळलं. खोदलेलं परत खोदलं. मजुरांची मजुरी गेली, माझी सुट्टी गेली, आणि तो पोरगा आठवडाभर कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता.

दोन्ही अंतरं सारखी ठेवली असती तर लेव्हल चुकीची असूनही चूक आपोआप कटली असती. आणि उलट फिरून सुरुवातीच्या बेंचमार्कवर (उंची पक्की माहीत असलेल्या खुणेवर) येऊन क्लोज केलं असतं, तर अठरा सेंटिमीटरचा फरक डोळ्यांवर आला असता. जाऊन-येऊन तीन किलोमीटरला साध्या कामात चालते साधारण ४२ मिलिमीटर. २४ गुणिले किलोमीटरचं वर्गमूळ, पुस्तकात असतं हे. पोराला सूत्र तोंडपाठ होतं! वापरायचं कधी, तेवढं माहीत नव्हतं.

म्हणून माझं मत : एक अख्खा दिवस टू पेग टेस्टला (लेव्हल बरोबर आहे का ते तपासायच्या चाचणीला) द्या. साठ मीटरवर दोन खुंट्या ठोका, लेव्हल मध्यावर लावून फरक काढा. मग एका खुंटीजवळ नेऊन परत काढा. दोन फरक जुळले नाहीत की लेव्हल बोलायला लागली. ते पोरांनी स्वतःच्या डोळ्यानं बघू द्या.

---

आकाशवेध

माझं मत वेगळं आहे, रागावू नका. मी रस्त्यांच्या सर्वेक्षणात रोव्हर (उपग्रहांवरून जागा काढणारं यंत्र) चालवतो. सर्व्हे ऑफ इंडियाचं कॉर्सचं (कायम चालू असलेल्या संदर्भ केंद्रांचं) जाळं आलंय, रोव्हर उघडला की काही मिनिटांत सेंटिमीटरात जागा मिळते. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारनं नकाशे आणि भू-माहितीवरचे निर्बंध बरेच सैल केले, तेव्हापासून खाजगी काम खूप वाढलंय. गावठाणांची मोजणी स्वामित्व योजनेत ड्रोननं होते. अशा काळात मुलांना साखळी ओढायला लावणं म्हणजे त्यांचे सहा दिवस वाया घालवणं. मुलाखतीत त्यांना रोव्हर विचारतात. साखळी कोण विचारतं?

---

कन्हानकाठ

आकाशवेध, जागेचं पटतं. उंचीचं नाही.

रोव्हर जी उंची देतो ती गणितातल्या गुळगुळीत लंबगोलापासूनची असते. पाणी त्या लंबगोलाला विचारून वाहत नाही, ते गुरुत्वाकर्षणानं वाहतं. दोन्हींतला फरक आपल्या देशात कित्येक दहा मीटरांचा आहे आणि जागेनुसार बदलतो. तो जिऑइड मॉडेलनं (गुरुत्वाकर्षणानं ठरणाऱ्या समुद्रसपाटीच्या गणिती नकाशानं) काढावा लागतो. मी कालव्याच्या कामावर होतो. दोन ठिकाणच्या रोव्हरच्या उंच्या बघून एकानं उतार ठरवला. आम्ही लेव्हलनं तपासलं तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

मुलांना रोव्हर जरूर दाखवा. पण त्याच बिंदूवर लेव्हलही चालवू द्या आणि दोन उंच्या शेजारी-शेजारी लिहून विचारा : बाबांनो, हा फरक कुठून आला? अर्ध्या दिवसाचं काम, पण आयुष्यभर उपयोगी पडेल.

---

आकाशवेध

@कन्हानकाठ, मान्य. जिऑइड विसरून फसलेले लोक मीही पाहिलेत. लेव्हल ठेवा. साखळीवर मात्र मी ठाम आहे.

---

मोजणीदार

नमस्कार. भूमी अभिलेखात भूकरमापक होतो, निवृत्त झालोय. साखळीचा विषय निघाला म्हणून राहवलं नाही.

आमची साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. ३३ बाय ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. आज सातबाऱ्यावर आकडे हेक्टर-आरमध्ये असतात, पण बांधावर उभा असलेला शेतकरी गुंठ्यातच बोलतो. शंकू-साखळीनं मोजणी केली, मग फलकयंत्रानं केली (कॉलेजात ज्याला प्लेन टेबल म्हणतात तेच). शेवटी-शेवटी ईटीएस मशीन (म्हणजे टोटल स्टेशनच) आलं. आता तर रोव्हर आलाय आणि तो चांगलाच आहे. मी त्याच्या विरोधात नाही.

पण फलकयंत्र एक गोष्ट शिकवतं जी दुसरं काहीच शिकवत नाही. नकाशा जागेवरच, डोळ्यांसमोर तयार होतो. विहीर, निंब, मोडका धुरा (बांध), कुंपणाचा वळसा, सगळं बघून कागदावर उतरतं. काही राहिलं तर तिथेच कळतं. मशीनमध्ये पाचशे बिंदू घेऊन घरी आलेला माणूस रात्री स्क्रीनसमोर बसतो आणि २३७ नंबरचा बिंदू विहिरीचा की विजेच्या खांबाचा, हे त्याला आठवत नाही.

एकदा दोन भावांच्या बांधाची मोजणी होती. दोघं वर्षानुवर्षं बोलत नव्हते. फलकावर रेषा ओढताना मी दोघांनाही जवळ बोलावलं, बघा म्हटलं. खुणा जुन्या गाव नकाशाशी जुळत गेल्या तसा धाकट्याचा आवाज खाली येत गेला. आकडे दाखवून ते झालं नसतं. रेषा त्याच्या डोळ्यांसमोर उमटली, म्हणून त्याला पटली.

ओळंबा सर, एक दिवस फलकयंत्राला द्याच.

---

राजेहो_भाऊ

मोजणीदार काका, तुमी लिहत जा हो अजून. आमच्या गावात धुऱ्यावरून अजूनबी लाठ्या निघते.

---

आर्वीची_लेक

मी डिप्लोमा करून तीन वर्षं झाली. मला कॅम्पबद्दल एक सांगायचंय, आणि ते कुठली मशीन ठेवायची याच्याशी संबंधित नाही.

आमच्या गटात दहा जण होते, तीन मुली. चारही दिवस आम्ही तिघींनी वही लिहिली. "तुझं अक्षर चांगलं आहे, तू बुकिंग कर." सर चांगले होते, पण त्यांच्याही लक्षात आलं नाही. मी आयपीस डोळ्याला लावला तो कॅम्पच्या शेवटच्या दिवशी, फोटो काढण्यासाठी. पुढे नोकरीत पहिल्या दिवशी साहेब म्हणाले, लेव्हल लाव. तीन पाय, तीन स्क्रू, गोल बुडबुडा, आणि मला बुडबुडा मध्यात आणता येईना. वीस मिनिटं लागली. एक मजूर मावशी शेजारी बसून शांतपणे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "बाई, पाय आधी जमिनीत दाब, मग फिरव." त्यांनी शेकडो इंजिनिअर पाहिले होते. त्यांचं ऐकलं आणि जमलं.

दहा जणांच्या गटात सात जण बघेच असतात, मुली तर हमखास. गट लहान करा. आणि कॅम्प डोंगरावर नेणार असाल तर मुलींसाठी संडासाची सोय आधी बघा. आमच्यातल्या दोघी दिवसभर पाणी पीत नव्हत्या. एकीला नंतर दवाखान्यात न्यावं लागलं.

---

ओळंबा

आर्वीची_लेक, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझ्याही कॅम्पात हे झालं असणार आणि मला दिसलं नसणार. हे नक्की दुरुस्त करतो.

---

तुळई

त्या मावशींचं वाक्य कॅम्पच्या पहिल्या पानावर छापा सर. काळ्या कापसाच्या जमिनीत ट्रायपॉडचे पाय दाबले नाहीत तर रीडिंग घेता-घेता लेव्हल खचते. तसंच टीबीएम (कामापुरता तात्पुरता बेंचमार्क) कधीही काळ्या मातीत खुंटी ठोकून करू नका. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. पुलाचा कठडा, देवळाचा दगडी ओटा, असलं काही धरा.

---

संत्र्याची_फोड

मी इंजिनिअर नाही, इतिहासाची वाचक आहे, पण धागा फार आवडला. सर, पोरांना एक दिवस झिरो माईलला न्या ना. नागपूरकर रोज तिथून जातात, चार घोडे आणि खांब बघतात, मेट्रोच्या स्टेशनलाही तेच नाव आहे. पण तिथे सर्वेक्षणाची खूण आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

---

राजेहो_भाऊ

झिरो माईल म्हणजे भारताचा मध्यबिंदू ना? शाळेत तं असंच शिकवलं.

---

कन्हानकाठ

शाळेत तसंच सांगतात. पण आजच्या भारताचा मध्य मध्य प्रदेशात कटनी जिल्ह्यातल्या करौंदी गावी दाखवला जातो. आपल्या झिरो माईलचं खरं महत्त्व दुसरंच आहे. तिथे ब्रिटिश काळातल्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा, म्हणजे जीटीएसचा, प्रमाण बेंचमार्क आहे. त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची तिथे कोरलेली आहे : १०२०.१७१ फूट. म्हणजे सुमारे ३१०.९५ मीटर. फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत! खांबावर कवठा, हैदराबाद, चांदा, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतुल अशी गावं आणि त्यांची अंतरं आहेत.

---

संत्र्याची_फोड

आणि हिंगणघाट विसरू नका! हे सर्वेक्षण ज्यानं सुरू केलं तो विल्यम लॅम्बटन आपल्या विदर्भातच गेला. १८०२ साली मद्रासला त्यानं पहिली आधाररेषा मोजली, साडेसात मैलांची, शंभर फुटी पोलादी साखळीनं. तिच्यासाठी जवळजवळ दोन महिने लागले. नंतर वीस वर्षं तो उत्तरेकडे सरकत राहिला आणि नागपूरच्या वाटेवर असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टनं हाती घेतलं.

---

आकाशवेध

साखळीनं साडेसात मैल... बरं, साखळीबद्दल जरा नरम होतो. पूर्ण दिवस मात्र नाही, दोन तास.

---

मोजणीदार

दोन तास पुरे आहेत. हात दुखेपर्यंत.

---

कन्हानकाठ

टेपचाही एक प्रयोग सुचवतो, नागपूरची हवा त्यासाठीच बनवली आहे. पोलादी टेप २० अंशांना बरोबर असते. तापमान एका अंशानं वाढलं की ३० मीटरची टेप साधारण ०.३५ मिलिमीटरनं वाढते. मे महिन्यात ४५ अंशांत ती जवळजवळ ९ मिलिमीटर लांब झालेली असते, आणि उन्हात पडलेली टेप हवेपेक्षाही तापते. डिसेंबरात पहाटे दहा-बारा अंश, दुपारी अठ्ठावीसच्या आसपास. तीच रेषा, तीच टेप, सकाळी सातला आणि दुपारी दोनला मोजायला लावा. ताण मात्र दोन्ही वेळा सारखा द्या, काटा लावून, नाहीतर प्रयोग फसेल. टेप लांब झाली की मोजलेलं अंतर कमी येतं, आणि नेमकं इथेच अर्धा वर्ग उलटं चिन्ह लावतो.

---

पाटणसावंगी

बराच वेळ फक्त वाचत होतो. मी पंचवीस वर्षांपूर्वी केलेल्या कॅम्पबद्दल एक कबुली द्यायची आहे.

आमच्या गटाचा लेव्हलिंगचा फेरा जुळत नव्हता, निघालो त्याच बिंदूवर परत आल्यावर ६० मिलिमीटरचा फरक (क्लोजिंग एरर) येत होता. संध्याकाळ झाली, बस यायची वेळ. मी वहीत दोन रीडिंग बदलली. क्लोजिंग एरर शून्य! सरांनी वही बघितली आणि म्हणाले, "शून्य? देवाचा फेरा दिसतो." बाकीच्यांना घरी पाठवलं, आमच्या गटाला दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला बोलावलं आणि स्वतः स्टाफ धरून उभे राहिले. संपूर्ण फेरा पुन्हा. चूक सापडली : एका टर्निंग पॉइंटवर (लेव्हल पुढे नेताना स्टाफ जिथे तसाच ठेवायचा त्या बिंदूवर) स्टाफ हलला होता. बॅकसाईट घेण्याआधी आम्ही तो दगडावरून उचलून शेजारी मातीत ठेवला होता. सरांनी आम्हाला एकही शब्द रागाचा बोलला नाही. वहीवर फक्त एवढं लिहिलं : "आता १८ मिमी. मान्य."

त्या १८ मिलिमीटरचा जेवढा आनंद झाला तेवढा पुढे मोठ्या कामांतही झाला नाही. म्हणून माझी सूचना : वही पेनानं, खोडरबर बंद. चुकलं तर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शून्य एरर आणणाऱ्या गटाला मार्क देऊ नका. ज्यानं आपली चूक शोधली त्याला जास्त द्या.

---

तुळई

@पाटणसावंगी, वाचून अंगावर काटा आला. साईटवर हीच सवय जीव घेते. आकडे "बसवणारा" पोरगा मला नको. २० मिलिमीटरचा फरक येऊन मला सांगणारा हवा.

---

आर्वीची_लेक

पेनाला माझं पूर्ण अनुमोदन. आणि बेरजेचा ताळा जागेवरच. बॅकसाईटची बेरीज वजा फोरसाईटची बेरीज, शेवटची आरएल (बिंदूची काढलेली उंची) वजा पहिली आरएल. जुळलं तरच गाडीत बसायचं. पण लक्षात ठेवा, हा ताळा फक्त गणित तपासतो, रीडिंग नाही. आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं. ताळा जुळला म्हणजे काम बरोबर असं आम्ही समजत होतो.

---

राजेहो_भाऊ

एवढं सगळं हाय, तं टोटल स्टेशन कवा शिकवसान सर? गरीबाच्या पोट्ट्यायले नोकरी त्याच्यावरच भेटते. माहा भाचा हाय दुसऱ्या वर्षाले, म्हणून इचारून रायलो.

---

ओळंबा

राजेहो_भाऊ, प्रश्न रास्त आहे. मी मूळ प्रश्नात दोन बाजू जणू एकमेकींविरुद्ध मांडल्या, ते चुकलं. धागा वाचताना लक्षात आलं की मशीन कुठलं, हा प्रश्न दुसरा आहे. पहिला असा की प्रत्येक मुलाचा हात मशीनला लागतो का, आणि आपला आकडा चूक असू शकतो असं त्याला वाटतं का. त्या मुलानं "मशीननं बॅकसाईट घेतली" म्हटलं, कारण त्याच्या आकड्यावर त्याला कोणी कधी शंका घेऊ दिली नव्हती. मी शिक्षक आहे, म्हणजे ती माझी चूक.

काल रात्री कागद घेऊन बसलो. साठ मुलं, सहा-सहाचे दहा गट. मोजलं तर यंत्रंही बरोबर दहाच आहेत : चार लेव्हल, दोन टोटल स्टेशन, दोन थिओडोलाइट, दोन प्लेन टेबल. इतकी वर्षं हे दिसलंच नव्हतं. दर तासाला शिट्टी, भूमिका बदलायची : यंत्र, वही, स्टाफ. वही सलग दोनदा एकाच हातात नाही.

पहिल्या दिवशी सकाळी साखळी आणि टेप, त्यात कन्हानकाठ यांचा सात आणि दोनचा प्रयोग. दुपारी टू पेग. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी लेव्हलिंगचे बंद फेरे आणि फलकयंत्र, गट आलटून-पालटून. मग दोन दिवस थिओडोलाइट आणि टोटल स्टेशन, एकाच ट्रॅव्हर्सवर. आधी थिओडोलाइटनं कोन मोजायचे, मग टोटल स्टेशननं तेच कोन. प्रिझम कॉन्स्टंट (टोटल स्टेशननं मोजलेल्या अंतरात प्रिझमसाठी करायची दुरुस्ती) मुद्दाम एका गटाचा चुकीचा लावून ठेवीन, आणि आधीच सांगेन की दहांपैकी एका गटाचा चुकलाय, शोधा. सहाव्या दिवशी रामटेकच्या गडाच्या पायथ्याशी कंटूर (समान उंचीच्या रेषा). झिरो माईलला पहिल्या दिवशी जाऊ, कॅम्पच्या आधीच्या शनिवारी. खर्च नाही, मेट्रोनं जाता येतं.

बाकीचे पाच दिवस शहरातच ठेवतोय. आर्वीची_लेक यांचा मुद्दा हेच कारण. रामटेकला एकच दिवस, तोही संडासाची सोय असलेली जागा ठरवूनच.

---

आकाशवेध

रोव्हर माझा. चौथ्या दिवशी घेऊन येतो, फुकट. कन्हानकाठ यांची उंचीची गंमत पोरांना माझ्याच रोव्हरवर दाखवू. सर, "पहिल्या दिवशी, आधीच्या शनिवारी" असं लिहिलंय, तारीख एकदा तपासा.

---

ओळंबा

बरोबर, कॅम्पच्या आधीच्या शनिवारी. आकडा चुकला, आडवी रेघ मारली असं समजा.

---

मोजणीदार

माझ्याकडं ३३ फुटांची जुनी साखळी आहे. माळ्यावर पडलीय, थोडा गंज आहे, कड्या शाबूत आहेत. फलकयंत्राच्या दिवशी येतो. मुलांना बांध दाखवायला एक खरा बांध हवा. माझ्या ओळखीचं एक शेत कामठी रोडला आहे, मालकाला विचारून सांगतो.

---

तुळई

सर, माझ्याकडची दोन नवीन पोरं टू पेगच्या दुपारी पाठवू का? पगार मी देतो त्या दिवसाचा. दोघांनाही डिग्री आहे, म्हणून जरा लाजतायत.

---

ओळंबा

पाठवा. पण सुरुवात स्टाफ धरण्यापासून.